चौदाव्या मजल्यावरच्या आजी आणि गच्चीची किल्ली : एक प्रकरण अभ्यास

गिरणगावातल्या एका कुटुंबाची ही हकिगत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन व्यायाम करून घेते. आजींच्या तपासण्या आणि औषधांचे निर्णय त्यांच्या फॅमिली डॉक्टरांचे होते. पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये राहायला गेलेली वयस्कर माणसं अशाच तक्रारी घेऊन आता वरचेवर भेटतात, म्हणून हे सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

आजींचं वय 71. लग्न होऊन कणकवलीकडच्या गावातून मुंबईला आल्या त्या थेट चाळीत. यजमान गिरणीत होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग आजींनी डबे केले, पापड लाटले, मालवणी मसाला करून विकला आणि मुलांची शिक्षणं केली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात मुलगा, सून आणि नववीतली नात. तिघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि नात दुपारी तीनला सर्वांत आधी परत येते.

चाळीतली खोली दहा बाय बारा. एवढ्या जागेत संसार मावत नाही, त्यामुळे तो गॅलरीत, जिन्यात आणि गच्चीवर पसरलेला असतो. सकाळचं पाणी भरणं, भांडी-कपडे, गच्चीवरच्या दोऱ्या, खाली मासळीवाली आली की तिच्याशी घासाघीस, दुपारी गॅलरीत बसून लसूण सोलणं. एप्रिल-मे म्हणजे तर दिवसभर गच्चीच. मिरच्या, धणे, आमसुलं, सांडगे, सगळं वाळवायला. "तुम्ही उन्हात किती वेळ असायचात?" असं मी पुढे एकदा विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "उन्हात कोण बसता? कामा आसत ती करूक व्हयी." या प्रकरणाची गुरुकिल्ली या उत्तरात होती, पण ते मिळेपर्यंत दोन महिने गेले होते.

चाळ पडली. काही वर्षं संक्रमण शिबिरात काढली. तिथेही दार उघडलं की समोर सामाईक पॅसेज आणि दहा पायऱ्या उतरलं की रस्ता होता. मग नव्या इमारतीचा ताबा मिळाला आणि लॉटरीत चौदावा मजला आला. चाळीत एका ओळीत राहणाऱ्या बायका कुणी तिसऱ्यावर, कुणी नवव्यावर, कुणी एकविसाव्यावर अशा विखुरल्या. घर चांगलं आहे, स्वतःचं न्हाणीघर आणि संडास आहे आणि आजींना त्याचं मनापासून समाधान आहे. चाळीत रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जाणं काय असतं, ते त्यांनी चाळीस वर्षं भोगलेलं आहे. टॉवर वाईट आणि चाळ चांगली असं मला म्हणायचं नाही, आणि आजींनाही नाही.

अडचण

राहायला गेले ते जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. पहिले चार महिने आजी खाली उतरल्याच नाहीत आणि नंतर उतरायचं कारण उरलं नाही. पाणी नळाला, कपडे मशिनमध्ये, भाजी आणि मासे ऑनलाइन.

दीड वर्षात तक्रारी साठत गेल्या. आधी मांड्या आणि कंबर दुखायला लागली. मग जमिनीवर बसलं की उठता येईना. देवघरापुढे पाटावर बसायच्या, ते बंद झालं. चालताना कमरेतून डोलू लागल्या. रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत, आणि दुपारी टीव्हीसमोर तीन-तीन तास डोळा लागायचा. बोलणं कमी झालं. सुनेने सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आजींनी मसाला करायचं सोडलं होतं, आणि घरात पहिल्यांदा तयार पाकीट आलं होतं.

एका दवाखान्यात "वय झालं, गुडघे झिजलेत" म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की पोट दुखायचं. शेजारपाजारच्यांनी कोवळं ऊन घ्यायला सांगितलं. मुलाने मनावर घेतलं आणि पूर्वेच्या खिडकीपाशी खुर्ची ठेवली. सकाळी साडेसात ते आठ आजी त्या खुर्चीत बसायच्या, काच लावून, कारण वर वारा फार. हे तीन महिने चाललं. दुखणं वाढतच गेलं.

निदान

फॅमिली डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबलं आणि आजी कळवळल्या. ही खूण सांध्याच्या झिजेची नाही. रक्तात ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला 7 नॅनोग्रॅम निघालं (20 च्या खाली कमतरता धरतात), अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या अशा आजारात रक्तात वाढणारं एक एन्झाइम) बरंच वाढलेलं आणि कॅल्शियम, फॉस्फरस खालच्या कडेला. गुडघ्यांच्या एक्स-रेत झीज दिसत होती, पण वयाच्या मानाने फार नाही. निदान झालं ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. यात हाडाचा सांगाडा तयार होतो, पण त्यात खनिज नीट भरत नाही. शिवाय मांड्या आणि खुब्यांचे स्नायू दुबळे होतात, म्हणून जमिनीवरून उठणं जड जातं.

मुलाला हे पटेना. "मुंबईत कसली उन्हाची कमी? आणि आईला आम्ही रोज उन्हात बसवतोय." त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणून डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या यूव्ही-बी या अतिनील किरणांमुळे, आणि खिडकीची साधी काच ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. शिवाय सकाळी साडेसातला सूर्य इतका खाली असतो की हे किरण वातावरणातच गाळले जातात. ढोबळ खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाच्या उन्हात ड जीवनसत्त्व बऱ्यापैकी तयार होतं. मुंबईत एप्रिलमध्ये ही वेळ साडेनऊ-पावणेदहाला सुरू होते. डिसेंबरात मात्र जेमतेम साडेअकरा ते दीड. त्यात सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, सत्तरीतल्या त्वचेची क्षमता तरुणपणाच्या निम्म्यावर आलेली असते, आणि हवेतला धूर-धूळ उरलेल्यातलं काही खातो. दिल्लीतल्या लहान मुलांवरचा 2002 सालचा एक अभ्यास आहे. प्रदूषित वस्तीतल्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व स्वच्छ हवेतल्या मुलांच्या साधारण निम्मं होतं.

कोवळं ऊन वाया जातं असा याचा अर्थ नाही. त्याचं काम वेगळं आहे, ते पुढे येईल.

समोरचे पर्याय

औषधाबद्दल दुमत नव्हतं. मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टरांनी आठवड्याला 60,000 युनिट ड जीवनसत्त्व आठ आठवडे आणि रोज कॅल्शियम सुरू केलं. (ही मात्रा तपासणीनंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. मनानेच पाकिटं आणून महिनोन् महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.) जेवणात नाचणी, सुकट आणि बांगडा-तारली वाढवायचं ठरलं, जे आजींना सांगावं लागलंच नाही.

प्रश्न होता औषधापलीकडे काय करायचं हा. मुलाच्या मते पातळी भरून आली की बाकी आपोआप सुरळीत होईल. सुनेला तसं वाटत नव्हतं. तिचं म्हणणं होतं की आई या घरात आल्यापासून मिटल्यासारख्या झाल्या आहेत, आणि ते रक्ताच्या रिपोर्टात दिसणार नाही.

गावी पाठवावं असा एक विचार निघाला. दीर-जाऊ तिथे आहेत, अंगण आहे, माणसं आहेत. आजींची ओढही होती. पण घराला जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या, न्हाणीघर मागीलदारी, आणि हाडं मऊ असताना पडणं म्हणजे खुब्याचं फ्रॅक्चर. तो विचार तूर्त बाजूला ठेवला.

पालिकेचं उद्यान दहा मिनिटांवर होतं. मध्ये उड्डाणपुलाखालचा रस्ता, त्यावर सिग्नल असून नसल्यासारखा. मुलगा रविवारी नेऊ शकत होता, एरवी कुणी नाही. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, सुंदर बाग होती, पण ती सेलच्या, म्हणजे बिल्डरने बाजारात विकलेल्या घरांच्या इमारतीची. रिहॅबवाल्यांना, म्हणजे चाळीतून आलेल्या मूळ रहिवाशांना, तिथे प्रवेशाचं कार्ड नव्हतं. या वाटणीबद्दल मला जे वाटतं ते वाटतंच. एकाच भूखंडावर मोकळी हवा पैशाप्रमाणे वाटली गेली, आणि ती ज्यांना सर्वांत कमी मिळाली त्यांचीच वयं सर्वांत जास्त होती.

गच्चीला कुलूप होतं, म्हणून तिचा विचारच कुणी केला नव्हता.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

जानेवारीत ठरलं ते असं : औषध, घरात आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर व्यायाम, आणि रोज संध्याकाळी नातीबरोबर इमारतीखाली अर्धा तास चालणं.

सुरुवातीला आजींना हात न टेकता खुर्चीतून एकदाही उठता येत नव्हतं. आम्ही तिथूनच सुरुवात केली. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करायची, उठायचं, सावकाश बसायचं, आणि आठवड्याआठवड्याने उशी पातळ करत जायची. याला त्या तयार होत्या. खाली चालायला मात्र नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा गेल्या आणि मग थांबल्या. नातीने आग्रह केला तर म्हणाल्या, "खाली जावन काय करू? थय माझ्या वळखीचा कोण आसा?"

आठ आठवड्यांनी हाडांचं दुखणं खूपच कमी झालं होतं. पुढच्या तपासणीत ड जीवनसत्त्व 34 वर आलं. मुलगा खूश. पण झोप तशीच, दुपारची डुलकी तशीच आणि बोलणंही तसंच. खुर्चीतून उठणं सुधारलं होतं, पण अर्ध्या मिनिटात जेमतेम चार वेळा. औषध थांबवून महिन्याला एक मात्रा ठेवायची आणि प्रकरण मिटलं म्हणायचं, की पुढे जायचं, असा हा टप्पा होता. रिपोर्ट चांगला आला की इथेच थांबायचा मोह होतो. सून अडून बसली म्हणून आम्ही थांबलो नाही.

मार्चमधल्या त्या बैठकीत आम्ही आजींचा चाळीतला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्याच तोंडून ऐकला, आणि "उन्हात कोण बसता" हे उत्तर तेव्हा मिळालं. आयुष्यात त्या कधी तब्येतीसाठी बाहेर गेल्या नव्हत्या. ऊन, वारा, जिने चढणं-उतरणं, वाकणं-उठणं, बोलणं, सगळं कामाच्या पोटात येत होतं. पुण्यातल्या संशोधकांनी ग्रामीण पुरुषांचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं होतं. दुपारच्या वेळी रोज तासाभराहून जास्त वेळ उन्हात वावरणाऱ्यांचं ड जीवनसत्त्व पुरेसं होतं, आणि ते ऊन त्यांना कामधंद्याच्या ओघात मिळत होतं. आजींचं काम संपलं तशी ही सगळी शिदोरीही संपली, आणि आम्ही तिच्या जागी दिलं होतं ते अर्ध्या तासाचं एकटं, बिनकामाचं चालणं.

सुनेने विचारलं, "आई, यंदा मसाला करूया का?"

गच्चीची किल्ली

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे सून स्वतः गेली. त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. गच्चीवर लहान मुलं जातील, कुणी काठावर चढेल, वॉटरप्रूफिंग खराब होईल, एकाला दिली की सगळे मागतील, आणि कबुतरं. दोन बैठका यात गेल्या. शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाच घरांच्या सह्या जोडून अर्ज दिला, तेव्हा अटींवर परवानगी मिळाली. सकाळी दहा ते साडेअकरा, वॉचमनकडे वहीत सही करून किल्ली घ्यायची, सोबत एक धडधाकट माणूस हवं, आणि मिरची थेट लादीवर पसरायची नाही, खाली ताडपत्री आणि जुन्या साड्या घालायच्या.

त्या पाच सह्यांमुळे जे झालं ते अर्जात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सह्यांसाठी सून जुन्या शेजारणींकडे मजल्यामजल्यावर फिरली, आणि त्यातल्या तिघी म्हणाल्या, आमचाही मसाला घाला. नवव्या मजल्यावरच्या काकी आणि आजी एकाच इमारतीत राहून सात-आठ महिने भेटल्या नव्हत्या.

तब्येतीच्या बाजूने आम्ही काही गोष्टी बांधून घेतल्या. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, वर नऊ पायऱ्या. त्यांना एकाच बाजूला कठडा होता, म्हणून चढताना एकीने मागे राहायचं. आजींना टाकीच्या सावलीत हातवाली खुर्ची, उन्हात जायचं ते दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांनी, कोपरापर्यंत हात आणि पावलं उघडी, डोक्यावर पदर. पाण्याची बाटली आणि कोकम सरबत जवळ. चक्कर किंवा मळमळ वाटली तर तिथेच थांबायचं. एप्रिलचं ऊन सत्तरीतल्या माणसाला सोसत नाही, आणि ड जीवनसत्त्वापायी उष्माघात ओढवून घेण्यात अर्थ नाही. म्हणूनच बारा-एकची वेळ टाळून दहाची घेतली होती.

पहिल्या दिवशी मी वर गेले होते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची दोन साड्यांवर पसरलेली, चौघी देठ काढत बसलेल्या. आजी दर थोड्या वेळाने उठून मिरची हाताने खालीवर करायच्या आणि परत सावलीत यायच्या. उठताना खुर्चीच्या हाताला हात लागतोय की नाही, इकडे त्यांचं लक्षही नव्हतं. घरात उशी ठेवून मी दहा वेळा मोजून करून घेत होते, ते इथे त्यांनी न मोजता कितीतरी जास्त केलं. मसाला पुढे लालबागच्या डंकावर कुटून आणला. त्यासाठी आजी टॅक्सीने स्वतः गेल्या, कारण कुटताना समोर उभं राहिलं नाही तर मसाला आपलाच मिळेल याची खात्री नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

झोपेसाठी एक वेगळी गोष्ट केली. सकाळी सातला पडदे उघडून, काच सरकवून चहा बाल्कनीत घ्यायचा. इथे कोवळं ऊन कामाला येतं. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. घरात दिव्याखाली 200-300 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, उघड्या आकाशाखाली सावलीतसुद्धा तो काही हजारांत जातो आणि भर उन्हात लाखाच्या घरात. आजींच्या दिवसात सकाळी उजेड नव्हता आणि दुपारी पडद्याआड झोप होती, त्यामुळे रात्र कधी सुरू झाली हे शरीराला कळायला मार्ग नव्हता. दहा ते साडेअकरा गच्चीवर गेल्यावर दुपारची झोप आपोआप अर्ध्या तासावर आली.

परिणाम

मेअखेरीस आजी अर्ध्या मिनिटात नऊ वेळा उठत होत्या. चालताना डोलणं जवळपास गेलं. रात्री एकदा उठून परत झोप लागते. वेदनाशामक गोळ्या बंद आहेत. पाटावर बसणं जमत नाही, देवघरापुढे आता स्टूल आहे.

यातलं कशाने काय झालं हे वेगळं काढता येत नाही. हाडांचं दुखणं औषधाने गेलं, हे मी खात्रीने म्हणेन. ताकद व्यायाम आणि गच्चीवरचं काम दोन्हींची. झोप आणि बोलणं मात्र आठ आठवड्यांच्या औषधाने तसूभर हललं नव्हतं आणि गच्ची सुरू झाल्यावर महिन्याभरात हललं. त्यात उजेड किती आणि नवव्या मजल्यावरच्या काकी किती, हे आजींना विचारलं तर त्या काकींचं नाव घेतील. ब्रिटनमध्ये सुमारे 20,000 लोकांच्या 2019 सालच्या अभ्यासात आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तिथेही तब्येत चांगली म्हणून माणसं बाहेर पडतात की बाहेर पडतात म्हणून चांगली राहते, हा प्रश्न उरतोच.

जूनमध्ये गच्ची बंद झाली आणि तीन आठवड्यांत दुपारची झोप लांबली. जुलैत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. मोतीबिंदूमुळे डोळ्यांत शिरणारा उजेडही कमी होतो, त्यामुळे ते तसंही लांबवण्यात अर्थ नव्हता. गणपतीत आजी रोज खाली मंडपात होत्या. ऑक्टोबरपासून गच्ची पुन्हा सुरू झाली. चौघींतली एक मुलीकडे कल्याणला राहायला गेली, दोन नव्या आल्या. डिसेंबरात वेळ बदलून साडेअकराची मागितली, ती बिनबोभाट मिळाली. महिन्याची मात्रा चालू आहे. वय, त्वचा आणि मुंबईची हवा पाहता उन्हावर सगळी भिस्त ठेवायला डॉक्टर तयार नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

घरात बसून असलेल्या बाईला मांड्या-कंबर दुखते आणि जमिनीवरून उठता येत नाही म्हटल्यावर नडगी दाबून बघणं आणि साधी रक्ततपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. आजींचं हे जवळजवळ वर्षभर लांबलं, आणि त्या काळात त्या पडल्या नाहीत हे नशीब.

"दिवस कसा जातो" हा प्रश्न दुखण्याच्या प्रश्नांआधी विचारला असता तर जानेवारीतच गच्चीपाशी पोचता आलं असतं. आता मी पहिल्या भेटीत आधीच्या घरातला आणि आत्ताच्या घरातला असे दोन्ही दिवस विचारते.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करायला हवी होती. तळमजल्यावरच्या लॉबीचा पुढचा भाग छपराखाली आहे आणि तिन्ही बाजूंनी मोकळा. तिथे दोन बाक टाकले तर जून ते सप्टेंबर सकाळच्या उजेडाची सोय होते. यंदा तो अर्ज एप्रिलमध्येच दिला आहे.

आणि एक गोष्ट पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या चाळींसाठी. लॉटरीनंतर आपसात घरं बदलता येतात का, ज्येष्ठांना एका मजल्यावर किंवा लागून मजल्यांवर आणता येतं का, हे ताबा मिळण्याआधी विचारा. गच्ची आणि पोडियम कुणाला खुलं राहणार हे करारातच लिहून घ्या आणि गच्चीच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा मागा. आजींच्या इमारतीत तो दुसरा कठडा लोकांनी वर्गणी काढून बसवला.